खाचेखालचा दिवा

सोसायटीच्या दिवाळी अंकाच्या बाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही कातळबंदरच्या दिवादांडीचा इतिहास लिहा." मी म्हटलं, इतिहास दांडीच्या दरवाज्यावर दगडात कोरलेला आहे. कोणत्या साहेबाने बांधली, कोणाच्या राज्यात बांधली, सगळं आहे. इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही, पण आहे. ज्याला पाहिजे त्याने पायात चपला घालाव्यात आणि जाऊन बघावं. मी लिहीन ते माझं काम. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही रडतखडत. सुनेने वेलांट्या सुधारल्यात, मजकुराला हात लावू दिलेला नाही.

आधीच सांगून टाकतो म्हणजे कोणाची फसगत नको. ज्या दिव्यावर मी जन्म काढला तो दिवा मीच बंद करायला लावला. त्यापायी माझा एकच मित्र होता तो तुटला. पुढे तोच दिवा दुसऱ्यांनी पुन्हा लावला आणि त्या दिव्याने माझ्या मित्राला खडकावर नेला असता. ही गोष्ट तेवढीच आहे. मध्ये कामाचं जे येईल ते येईल.

आमचं बंदर पनवेलच्या खाडीच्या तोंडाशी. आता तिकडे गेलात तर चिखल, तिवरं आणि भराव दिसेल. पण एके काळी तिथे पडाव आणि मचवे असे दाटीने लागायचे की एका होडीतून दुसरीत पाय टाकत माणूस खाडीच्या मध्यापर्यंत कोरडा जायचा. मंगलोरी कौलं यायची, सागाचे वासे यायचे, इकडून भात आणि मीठ जायचं. आज कळंबोलीला ट्रकांच्या रांगा उभ्या असतात, ड्रायव्हर खाली बसून स्टोव्हवर डाळ शिजवत असतात, ते बघितलं की मला आमचं बंदर आठवतं. तीच माणसं, तीच शिवीगाळ. फक्त खाली पाणी नाही.

माझा बाप महाडच्या बाजूने आला, कौलं उतरवायच्या हमालीवर. फळीवरून पडला, कंबर गेली. बंदरावरच्या अधिकाऱ्याला दया आली, त्याने दांडीवर ठेवला. म्हणाला, बसून होण्यासारखं काम आहे. बसून! जिना कोण चढणार? बापाची कंबर आणि तो गोल जिना, म्हणून मी शाळा सोडून वर चढायला लागलो आणि म्हातारा होईपर्यंत चढत राहिलो.

लोकांना वाटतं दिवादांडीवाला म्हणजे रात्रीचा वॉचमन. रात्री काय, दिवा पेटवला की तो त्याचा जळतो, आपण अधूनमधून डोळा ठेवायचा. खरं काम दिवसाचं. दिवा असतो एवढासा, लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेतात तसल्या बत्तीएवढा. त्याच्याभोवती जाड काचेचं पिंप असतं, चकत्या चकत्यांचं. ते पिंप त्या एवढ्याशा उजेडाला गोळा करतं आणि लांब फेकतं. त्या काचेवर बोट उमटलं तरी उजेड तेवढा मेला. मऊ चामड्याने ती पुसायची, रोज. बाहेरच्या काचांवर वाऱ्याने मीठ बसतं, ते गोड्या पाण्याने पुसायचं, रोज. पाऊस संपला की दांडीला चुना, कारण दिवसा होडीवाले दिवा बघत नाहीत, पांढरा खांब बघतात.

आणि सकाळी पडदा. हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. ती काच आतला उजेड बाहेर फेकते, तशी बाहेरचं ऊन आत गोळा करते. सकाळी दिवा विझवला की आतल्या आकड्यांवर जाड कापडाचा पडदा लटकवायचा, चहूबाजूंनी. विसरलं तर ऊन आत येऊन आग लावतं. एकदा मी मेव्हण्याच्या लग्नाला गेलो आणि बदली माणसाने पडदा राहू दिला. वरचं लाकडी स्टूल पेटलं. धूर बघून बंदरावरची माणसं घागरी घेऊन धावली. मी परत आलो तर हशा तांडेल नाक्यावरच उभा. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य.

"काय रं भागा," तो म्हणाला, "दिवसाडवल्या दिवा लावतंस? सरकारचं राकेल जास्त जालं?"

"स्टूल होतं ते."

"मग ठीक. आमी समजलो तूच पेटलास. दोन घागरी कमी घेतल्या."

हा हशा. मित्र म्हणतो तो हाच.

दिवा होड्यांना बोलावतो, असंही लोकांना वाटतं. दिवा कोणालाच बोलावत नाही. तो फक्त सांगतो की मी इथे आहे. त्यावरून तू कुठे आहेस हे तुझं तू ठरवायचं. आणि एकट्या दिव्यावरून ते ठरत नाही, हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट यावर आहे. नुसता दिवा नाकासमोर धरून होडी चालवली तर पाण्याची ओढ तिला बाजूला नेते, तांडेल पुन्हा तोंड दिव्याकडे करतो, पुन्हा ओढ नेते. होडी वाकडीतिकडी येते आणि तांडेलाला वाटतं आपण सरळच आलो. म्हणून दोन खुणा लागतात, एक पुढे आणि एक मागे. आमची पुढची खूण दिवा. मागची खूण डोंगर. दांडीच्या मागे डोंगर होता, त्याच्या माथ्याला एक खाच होती, कुऱ्हाडीचा घाव बसावा तशी. काळोखातही डोंगर आभाळापेक्षा काळा दिसतो, त्यामुळे खाच कळायची. दिवा बरोब्बर खाचेखाली धरायचा. धरलास की तुझ्याखाली पाणी आहे. दिवा डावीकडे सरकला तर चिखल, उजवीकडे सरकला तर कातळ. खाडीतलं लहान मूलसुद्धा म्हणायचं, "खाचेखाली धर."

दुसरा एक नियम होता. येता येता दिवा दिसेनासा झाला तर पुढे जायचं नाही. धुकं असो, पाऊस असो, दिवेवाला मेला असो. असशील तिथे नांगर टाकायचा आणि उजाडेपर्यंत बसायचं.

माणसं नाना तऱ्हेची यायची. कौलांच्या गलबताचा एक नाखवा होता, दरवेळी खालून ओरडायचा, "मास्तर, तुमचा दिवा हाय की अगरबत्ती?" एका संध्याकाळी मी त्याला वर नेला. बत्ती बघून म्हणाला, "एवढीच?" मग काचेतून बाहेर बघितलं, बराच वेळ बघितलं. निघताना लक्षात आलं, माणूस चपला काढून उभा होता.

एक मिठागरवाला शेठ यायचा. त्याचं म्हणणं, दिव्याच्या उजेडात चोर माझं मीठ नेतात. मिठागराच्या बाजूची काच काळी करून टाक, तुझी दिवाळी चांगली करतो. मी त्याला जिन्यातूनच परत पाठवला. म्हटलं, "शेठ, मी जिवंत असेपर्यंत या काचेला काळं लागणार नाही. मी मेल्यावर या आणि काय ते करा." शेठ गेला आणि बंदरावर सांगत सुटला की दिवेवाल्याला माज आला आहे. आला होता. त्या काचेचा माज नाही करायचा तर कशाचा करायचा?

आता वाट्याचं सांगतो. बंदरावर चाल होती की मासेमारी करून आलेली होडी दांडीच्या पायरीवर एक मासा ठेवून जायची. त्याला दिव्याचा वाटा म्हणायचे. चाल चांगली होती. पण आमची जात बंदराला माहीत होती. वाटा पायरीवर ठेवायचे, हातात कोणी द्यायचा नाही. बाप म्हणायचा, "वाटा दिव्याचा आहे, आपला नाही. पायरीवरच बरा." बापाने बाबासाहेबांचा फोटो घरात लावला होता आणि पायरीवरचा मासा मान खाली घालून उचलायचा. मला ते जमेना. बाप गेल्यावर मी मासा उचलणं बंद केलं. पायरीवर मासे सडायला लागले. कावळे, मांजरं, वास. बंदर नाक धरून चालायला लागलं. पंच आले, समजावून गेले. मी सांगितलं, "हातात द्या, घेतो. दगडाला देता तर दगडाला खाऊ दे."

एक दिवस हशा आला. तेव्हा तो नुकताच तांडेल झाला होता, मिशी नवी होती. त्याच्या हातात जिताडा होता. जिताडा आमच्या खाडीतला राजा, जावई आला तरच घरात यायचा. त्याने तो माझ्या दोन्ही हातांत ठेवला आणि मागे उभ्या असलेल्या माणसांना ऐकू जाईल असा म्हणाला, "घे रं बाबा. तुज्या हट्टापायी आख्ख्या बंदराला वास मारतंय."

त्या दिवसापासून वाटा हातात यायला लागला. सगळ्यांकडून नाही. पण यायला लागला.

मग रस्ते झाले, पूल झाले, माल ट्रकवर चढला. गलबतं यायची थांबली, एकेक करून थांबली, त्यामुळे कोणती शेवटची ते कोणाला कळलंच नाही. मासेमारीच्या होड्या राहिल्या. राकेल जाऊन वीज आली. मी होतोच.

मग डोंगर कापायचं काम निघालं. भरावाला माती पाहिजे होती, सपाट जागा पाहिजे होती. सुरुंग लागायचे तेव्हा वरच्या काचा थरथरायच्या, मी पिंपाला हात लावून उभा राहायचो, जसा काही मी ते धरून ठेवणार होतो. डोंगर खालून गेला नाही, वरून गेला. पहिली गेली ती खाच.

लोक घराच्या, शेताच्या मोबदल्याचं बोलत होते, आणि ते बरोबरच होतं, ज्याचं जातं त्याने बोलावं. दिव्याचं कोणी बोललं नाही. दिवा तर लागत होता. पण मी वरून बघत होतो. होड्या वाकड्या यायला लागल्या होत्या. त्यातच भरावाने पाण्याची ओढ फिरली, जुन्या वाटेवर गाळ बसायला लागला आणि पाण्याने तिवरांच्या कडेने नवी वाट धरली. जिथे पाणी नाही तिथे माझा दिवा रोज संध्याकाळी उभा राहून सांगत होता, या, पाणी आहे. एक होडी चिखलात बसली, मग आणखी एक. माणसं वाचली. पण मला जेवण जाईना.

मी बंदरखात्याच्या मोठ्या साहेबांकडे गेलो आणि तोंडी सांगितलं, "साहेब, दिवा बंद करा."

साहेब शहाणा माणूस होता. त्याने नकाशा आधीच बघितला होता. म्हणाला, "मला ठाऊक आहे भागूराम. पण गाव पेटून उठेल, म्हणून मी थांबलो होतो. दिवेवालाच म्हणतोय म्हटल्यावर माझं काम सोपं झालं. तुझं काय होईल?"

"माझं काय व्हायचं ते होऊ दे."

दिवा बंद झाला. मी म्हणालो म्हणून झाला, हे गावात पसरायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. डोंगर गेला, शेतं गेली, मिठागरं गेली, तेव्हा गाव गप्प होतं असं नाही, पण ज्याच्यावर ओरडायचं तो समोर कधी सापडायचा नाही. मी सापडलो. दांडीच्या पायथ्याशीच राहत होतो.

हशा आला तो पायरीच्या खालीच थांबला.

"भागा, डोंगर कापला तो परका मानूस. दिवा इजवला तो आपला."

"हशा, खाच नाही तर दिवा खोटा बोलतो. तुला कळतं ते."

"खोटा बोलंल! पन दिसंल तरी! आता खाडीतना मागारी बगितल्यावर कंचं गाव माजं, ते कसा वलखू?"

मी म्हटलं, "तू बुडालास तर?"

"बुडालो तर माजा मी बुडन," तो म्हणाला. "ह्या पायरीवर परत पाय नाय ठेवनार."

नाही ठेवला. मी नोकरी संपेपर्यंत बंद दांडीची राखण केली, मग मुलाकडे जुईनगरला आलो. सोसायटी चांगली आहे, लिफ्ट आहे, जिना चढावा लागत नाही. मी चढतो. दर रविवारी बसने बंदरावर जायचो, पायरीवर बसायचो आणि परत यायचो. हशा त्याची लहान होडी घेऊन एकटाच खाडीत जायचा, मुलं नोकरीला लागली होती तरी जायचा. माझ्या समोरून जाळं खांद्यावर टाकून जायचा. मान वळवायचा नाही. मीही हाक मारली नाही. दोघांपैकी एकाने मारली असती तर दुसरा थांबला असता, हे दोघांना माहीत होतं. म्हणूनच कोणी मारली नाही.

गेल्या वर्षी दांडीचं सुशोभीकरण निघालं. रंग, बाकं, फोटो काढायला जागा, आणि दिवा पुन्हा लावायचा. काम बघणारा शिंदे म्हणून तरुण इंजिनियर होता, साताऱ्याकडचा. मला शोधत घरी आला, चहा प्यायला. मी सांगितलं, सगळं करा, दिवा लावू नका. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "बाबा, हा आता मार्ग दाखवायचा दिवा नाही. तसं सगळ्यांना कळवलंय. मोठ्या बोटींना यंत्रं आहेत. होडीवाल्यांच्या खिशात मोबाईल आहे, त्यात वाट दिसते."

खरं होतं ते. मुलगाही म्हणाला, "बाबा, टेन्शन कशाला घेता? कोण येतंय आता दिवा बघून?"

"ज्याच्या खिशात मोबाईल नाही तो," मी म्हटलं. पण नाव नाही घेतलं.

उद्घाटनाला मला बोलावलं. मी जाणार नव्हतो. पण दिवा लागणार आणि मी तिथे नसणार, हे मला झेपलं नाही. स्टेज दांडीला लागूनच होतं, खुर्च्या धक्क्यावर, स्पीकरवर गाणी. शिंदेने सगळ्या होड्यांना भरतीच्या पाण्यात लवकर आणून धक्क्याला बांधून घेतलं होतं, पताका लावल्या होत्या. काम नीट केलं होतं पोराने, खोटं बोलणार नाही. फक्त हशाची होडी नव्हती. कोणीतरी म्हणालं, "त्याला सांगितला व्हता. बोल्ला, मना पताका नको. दुपारचाच गेला जालं घेवन."

पाहुण्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. दिवस मावळत होता. कोणीतरी बटण दाबलं आणि वर दिवा लागला.

खरं सांगतो, डोळे भरून आले. जुनंच पिंप होतं, शिंदेने ते काढू दिलं नव्हतं. उजेड तसाच गेला, लांब, खाडीवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात मला होडी दिसली.

लांब होती, ठिपक्याएवढी, पुढे कंदील. ती सरळ येत होती. तिवरांच्या कडेच्या नव्या वाटेने नाही, खाडीच्या मधून, दोरी ताणल्यासारखी सरळ. पाणी उतरायला लागलं होतं, ओढ चांगली होती. नुसता दिवा धरून त्या ओढीत कोणी सरळ येऊच शकत नाही. सरळ यायला मागची खूण लागते. डोंगर तर नव्हता. मग हा काय धरून येतोय?

मी वळून मागे बघितलं. डोंगर होता तिथे दोन टॉवर उभे राहिले होते. खिडक्यांतून दिवे लागत होते आणि दोन टॉवरांच्या मध्ये काळोखाची एक फट होती. वरून रुंद, खाली अरुंद वाटणारी. कुऱ्हाडीचा घाव बसावा तशी.

हशाने दिवा खाचेखाली धरला होता.

पण ती खाच जुन्या जागेवर नव्हती, उजवीकडे सरकलेली होती. त्या रेघेवर पाणी नव्हतं. त्या रेघेवर भरावाचे दगड होते, एकेक बैलाएवढा, आणि उतरत्या पाण्यात ते जेमतेम बुडालेले असतात, दिसत नाहीत.

मी ओरडलो. स्पीकरपुढे माझा आवाज कुठला? शिंदेला धरून बाहेर दाखवलं. त्याला क्षणभर कळलं नाही, मग कळलं. "दिवा बंद कर!" मी म्हटलं. तो बटणाच्या पेटीकडे धावला. पेटीला कुलूप, आणि चावी ज्याच्याकडे तो ठेकेदाराचा माणूस वडापाव खायला गेलेला. शिंदे पेटीवर दगड घालायला लागला. मी जिन्याकडे वळलो.

त्या जिन्याने मला किती वर्षं ओळखलं होतं, तरी त्या दिवशी त्याने मला मोकळं सोडलं नाही. गुडघे, छाती, सगळं एकदम म्हातारं झालं. वर पोचलो तेव्हा उभं राहता येत नव्हतं. पण हात वर गेला तो नेमका आकड्यावर. आकडे तिथेच होते, रंगाखाली. पडदा नव्हता. खांद्यावर शाल होती.

रोज सकाळी ऊन आत येऊ नये म्हणून जे केलं, ते त्या दिवशी उजेड बाहेर जाऊ नये म्हणून केलं. समुद्राच्या बाजूला शाल लटकवली आणि दोन्ही हातांनी काचेशी दाबून धरली. बाहेर काही दिसत नव्हतं. खाली ओरडा झाला. कोणी म्हणत होतं, म्हातारं पिऊन आलंय. कोणी म्हणत होतं, पहिल्यापासूनच त्याला दिवा नको होता. स्पीकर बंद पडला तेव्हा मला पाण्यावरून आवाज आला, लांबून, साखळीचा. नांगर टाकल्याचा.

दिवा गेला की नांगर. हशा विसरला नव्हता.

मग माझे हात खाली आले.

कुलूप तुटल्यावर दिवा बंद झाला, कार्यक्रम आटोपला. पाहुणे न जेवता गेले. गावातल्या मंडळींनी मला जे ऐकवायचं ते ऐकवलं, त्यातलं अर्धं माझ्या बापापर्यंत गेलं. मी पायरीवर बसून राहिलो. मुलगा न्यायला आला, त्याला परत पाठवलं. होडीवाल्यांनी लांबून हशाला हाक देऊन विचारलं, त्याने ओरडून सांगितलं, उजाडल्यावर येतो. त्यालाही कोणी नेलेलं आवडत नाही.

उजाडलं, पाणी चढलं, आणि होडी तिवरांच्या कडेने, नव्या वाटेने आली. हशाने ती बांधली. आखडून गेला होता, चालताना एका बाजूला झुकत होता. मी बघत होतो. वाटलं, समोरून जाईल. तो पायरीपर्यंत आला आणि पायरीवर पाय ठेवला. मग बसला.

त्याने आखडलेले पाय लांब केले.

"हातच वळला रं," तो म्हणाला. "इतक्या वर्सांनी दिवा दिसला. वर बगतो तर खाच. म्हनलं, डोंगर परत आला."

"टॉवर आहेत ते."

"आता दिसतात ना." मग म्हणाला, "खोटा बोलला तुजा दिवा."

"माझा नाही. माझा खरं बोलायचा."

त्याने मान हलवली. "वर काय टाकलंस?"

"शाल."

"कंची शाल?"

"सत्काराची."

हशा हसला, हसता हसता खोकला. "कोनाची सत्काराची शाल कामाला आली, ही पैलीच वेळ." मग त्याने दोन्ही हात माझ्यापुढे धरले, उघडे. मीठ सुकून पांढरे पडले होते. "आज वाटा नाय तुला. जाल्यात कायच नवता. हल्ली नसतोच."

मी ते हात धरले. दुसरं काय करणार?

दुपारी शिंदे आला. त्याचाही डोळा लागलेला नव्हता. म्हणाला, "बाबा, दिवा ठेवायचा असं वरून ठरलंय, ते माझ्या हातात नाही. पण समुद्राच्या बाजूच्या काचा आतून काळ्या करायच्या, एवढं मी मंजूर करून घेतलंय. उजेड फक्त रस्त्याकडे जाईल. फोटो निघतील. खाडीत काही दिसणार नाही." पेंटर उद्या येईल म्हणाला. मी म्हटलं, पेंटर नको. डबा इथे ठेव.

मिठागरवाला शेठ केव्हाच मेला. असता तर त्याला बोलावलं असतं.

हशा माझ्यामागून जिना चढला. एवढ्या वर्षांत तो कधी वर आला नव्हता, होडीवाल्याचं काय काम वर? त्याने डबा धरला आणि मी ब्रश. ज्या काचांवर मी आयुष्यभर बोट उमटू दिलं नाही, त्यांना मी आतून एकेक करून काळं लावलं. कडा सोडल्या नाहीत, दुसरा हात मारला. शेवटची काच भरत आली तेव्हा खाडी एवढीशी राहिली, मग तीही गेली. आम्ही दोघं दांडीच्या माथ्यावर उभे होतो आणि आम्हाला फक्त टॉवर, रस्ता आणि गाड्या दिसत होत्या.

ब्रश ठेवला. कोपऱ्यात फडकं होतं, ते बाटलीतल्या गोड्या पाण्यात भिजवलं आणि बाहेरच्या कठड्यावर जाऊन समुद्राच्या बाजूची पहिली काच पुसायला घेतली. हशा दारात उभा राहून बघत होता.

"आता कशाला पुसतंस?"

"काच आहे ती," मी म्हटलं. "मीठ बसतं."